आर्लिंग्टन रो : लोकरीच्या कोठाराची झालेली घरं

इंग्लंडच्या ग्लॉस्टरशायरमध्ये कोल्न नदीकाठी बायबरी नावाचं खेडं आहे. तिथली आर्लिंग्टन रो ही मधाच्या रंगाच्या दगडी घरांची ओळ बघायला जगभरातून माणसं येतात. पण ही वास्तू मुळात घर म्हणून बांधलेलीच नव्हती. 1380च्या सुमारास एका मठाने इथे लोकरीचं कोठार उभारलं. त्या काळी कॉट्सवोल्ड्सच्या, म्हणजे याच भागातल्या टेकड्यांवरची लोकर परदेशात विकली जाई, आणि इथली सुबत्ता तिच्यावरच पोसलेली होती. सतराव्या शतकात त्या लांबलचक कोठाराची विणकरांसाठी छोटी छोटी बिऱ्हाडं झाली. समोरच्या पाणथळ कुरणाला आजही ‘रॅक आयल’ म्हणतात, कारण विणलेलं कापड तिथे लाकडी चौकटींवर, म्हणजे ‘रॅक’वर, ताणून वाळत घालत.

भिंतींचा चुनखडीचा दगड तिथल्याच टेकड्यांतला, ज्युरासिक काळातला. माझं मन मात्र रमतं ते छपरात. हे छप्पर दगडाच्याच पातळ फरश्यांचं आहे. अशा फरश्या फोडायचं काम थंडीवर सोपवलेलं असे. खाणीतून काढलेले दगड ओले ठेवून हिवाळाभर उघड्यावर पसरत. आत मुरलेलं पाणी गोठून फुगलं की दगडाचे पापुद्रे आपोआप सुटत. मग प्रत्येक फरशीला भोक पाडून ती ओकच्या खुंटीने वाशांवरच्या पट्ट्यांना अडकवायची. सगळ्यांत मोठ्या फरश्या वळचणीला, आणि वर जावं तशा लहान होत आढ्यापाशी अगदी तळहाताएवढ्या. दगड पाणी पितो, म्हणून पावसाचं पाणी झरझर ओघळावं यासाठी छपराला उतार खडा. त्यामुळेच ही घरं बुटकी आणि छपरं त्यांच्या मानाने थोराड दिसतात.

कापडाचा धंदा यॉर्कशायरच्या गिरण्यांकडे गेला आणि या भागाला उतरती कळा लागली. नवं बांधायला पैसाच उरला नाही, म्हणून जुनं टिकलं, असं मला वाटतं. एकोणिसाव्या शतकात कवी आणि कलाकार विल्यम मॉरिसने बायबरीला इंग्लंडमधलं सर्वांत सुंदर खेडं म्हटलं. 1929मध्ये रॉयल सोसायटी ऑफ आर्ट्सने या घरांच्या जतनात पुढाकार घेतला, आणि 1949पासून ती जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेकडे आहेत.

जवळच्याच चेडवर्थ गावातलं असंच एक घर हेन्री फोर्डने विकत घेतलं, दगड न् दगड सुटा करून बोटीने अमेरिकेला नेलं आणि मिशिगनमधल्या आपल्या ग्रीनफील्ड व्हिलेज या खुल्या संग्रहालयात पुन्हा उभं केलं. ते आजही तिथेच आहे.