घरच्या संगणकावर टीव्ही मालिका : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

केबल बंद करून मालिका संगणकावरच पाहाव्यात का, असे आमच्या दुकानात आता वरचेवर विचारले जाते. काउंटरवर उभ्या उभ्या त्याचे नीट उत्तर देता येत नाही, म्हणून हे पत्रक काढले आहे.

केबलच्या डिजिटायझेशनच्या दुसऱ्या टप्प्यात नागपूरचा समावेश होता आणि २०१३ साली घरोघरी सेट टॉप बॉक्स बसले. ते बॉक्स जुने होण्याआधीच, २०१५ मध्ये इंटरनेटवरून मालिका दाखवणारे हॉटस्टार सुरू झाले, २०१६ च्या जानेवारीत नेटफ्लिक्स भारतात आले आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये प्रसार भारतीनेही ‘वेव्हज’ ही अशीच सेवा सुरू केली. दूरदर्शन चालवणारी संस्थाच या वाटेने निघाल्यावर मालिकेची वेळ यापुढे घरातली माणसेच ठरवतील, असे आम्हांला वाटते.

केबलवर एकच सिग्नल साऱ्या वस्तीला एकदम जातो. इंटरनेटवर कार्यक्रम प्रत्येक घराकडे स्वतंत्रपणे, काही सेकंदांच्या लहान लहान तुकड्यांत येतो. संगणक पुढचे तुकडे आधीच मागवून साठवून ठेवतो आणि लाइनचा वेग उतरला की हलक्या प्रतीचे तुकडे मागवू लागतो. चित्र मध्येच धूसर होऊन पुन्हा स्पष्ट होते ते बहुधा यामुळेच, त्यासाठी संगणक दुरुस्तीला आणण्याची गरज नसते. मात्र याच साठवणीमुळे थेट प्रक्षेपण मागे पडते. जामठ्याच्या स्टेडियमवर सामना सुरू असताना शेजारच्या केबलवाल्या घरात विकेट पडल्याचा गलका होतो, तेव्हा आपल्या पडद्यावर गोलंदाज अजून धावतच असतो. ज्या घरात क्रिकेट मनापासून पाहिले जाते, त्या घराने केबल इतक्यात बंद करू नये, हा सल्ला आम्ही आमची विक्री बुडाली तरी देतो.

वेगाची चिंता अनेकांना विनाकारण वाटते. फुल एचडी चित्रासाठी नेटफ्लिक्स ५ एमबीपीएस आणि फोर-केसाठी १५ एमबीपीएस वेग सुचवते, आणि घरगुती फायबर लाइनला हे जड नाही. एचडी चित्राला तासाला ३ जीबीपर्यंत डेटा लागू शकतो, म्हणजे रोज दोन तास पाहिल्यास महिन्याला १८० जीबी. त्यामुळे मोबाइलच्या हॉटस्पॉटवर रोजच्या मालिकांची भिस्त ठेवू नये. खरी अडचण पुष्कळदा घरातच असते. महाल भागातल्या जाड भिंतींच्या जुन्या घरात राउटर ओसरीवर आणि संगणक आतल्या खोलीत असला, तर ५ गिगाहर्ट्‌झचे वायफाय तिथे धड पोहोचत नाही, २.४ गिगाहर्ट्‌झचे पोहोचते, पण संथ असते. अशा ठिकाणी महागडा राउटर घेण्याआधी साधी लॅन केबल ओढून पाहावी.

संगणकाचे वय मात्र खरोखर पाहावे लागते. चित्राचा डेटा आटोपशीर करणाऱ्या पद्धती बदलत आल्या आहेत. २०१८ मध्ये आलेली एव्ही-वन ही पद्धत जुन्या चिपमध्ये मुळातच नसल्याने सगळे काम प्रोसेसरवर पडते आणि पंखा घोंघावू लागतो. त्यात नागपूरचा मे महिना! उन्हाळ्यात दुरुस्तीला आलेला सीपीयू उघडला की प्रोसेसरवरच्या जाळीत धुळीचा कापसासारखा थर दाटून बसलेला दिसतो, आणि तो काढल्यावर मालिका अडकायची थांबल्याचे आम्ही अनेकदा पाहिले आहे. कुलरचा ओलसर झोत मात्र थेट सीपीयूवर येऊ देऊ नये. विंडोज १० ला कंपनीकडून नियमित मिळणाऱ्या सुधारणा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्या आहेत आणि विंडोज ७ व ८ वर क्रोम या ब्राउझरच्या नव्या आवृत्त्या २०२३ पासूनच येत नाहीत. ब्राउझर जुना पडला की या सेवा एकेक करून चालेनाशा होतात, म्हणून अशा संगणकावर मोठा खर्च करण्याची शिफारस आम्ही करत नाही.

संगणक टीव्हीला जोडायचा असल्यास एचडीएमआय केबल वापरावी, कारण व्हीजीए केबलमधून आवाज जात नाही. फोर-के टीव्ही घेतला म्हणून ब्राउझरमध्येही फोर-के चित्र मिळेलच असे नाही. नक्कल रोखण्यासाठी अनेक सेवा तिथे त्याहून कमी प्रतीचे चित्र देतात.

दुकानात येताना संगणकाचे मॉडेल, विंडोजची आवृत्ती आणि राउटरपासून संगणकापर्यंतचे अंतर फुटांत लिहून आणावे. तेवढ्यावरून नवे काही घ्यावे लागेल की नुसती सफाई पुरेल, याचा अंदाज आम्ही तिथल्या तिथे, कोणतेही शुल्क न घेता सांगू.