बिबट्या-मानव सहअस्तित्व (संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, मुंबई)

संरक्षित वनात फिरायला येणारी माणसे आणि तिथे मोकळे वावरणारे मोठे मांसभक्षी प्राणी यांनी एकमेकांच्या वाटेला न जाता एकच जागा वापरणे, याला सहअस्तित्व म्हणतात. मुंबईत हा शब्द उच्चारला की डोळ्यांपुढे एकच प्राणी येतो, तो म्हणजे बिबट्या. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे १०४ चौ. किमी. आहे. त्याच्या पश्चिमेला बोरिवली ते गोरेगाव आणि पूर्वेला मुलुंड-ठाणे अशी वस्ती अगदी हद्दीला टेकली आहे. २०१५ साली ट्रॅप कॅमेऱ्यांच्या, म्हणजे प्राणी समोरून गेला की आपोआप छायाचित्र टिपणाऱ्या कॅमेऱ्यांच्या, आधारे उद्यान व लगतच्या परिसरात ३५ बिबटे मोजले गेले. २०१८ मध्ये ४७.

गंमत अशी, की पर्यटक तिकीट काढून जाळीच्या बसमधून जे वाघ-सिंह पाहतो ते बंदिस्त आवारातले असतात. मोकळा असलेला बिबट्या त्याला सहसा दिसतच नाही. कान्हेरीच्या लेण्यांकडे जाणारा रस्ता दोघांचाही आहे, पण वेळा वेगळ्या. दिवसा माणसे, अंधार पडल्यावर बिबट्या. संध्याकाळी उद्यान रिकामे करण्याचा दंडक या वाटणीमुळेच महत्त्वाचा ठरतो. पहाटे फेरफटक्याला येणारी मंडळी मात्र या दोन वेळांच्या सांध्यावर असतात. त्यांनी घोळक्याने चालावे, बोलत राहावे, हाती बॅटरी ठेवावी, मुलांना मागे रेंगाळू देऊ नये, असे सांगितले जाते.

तरीही हल्ल्यांची झळ पर्यटकांना क्वचितच बसली आहे. ती बसते हद्दीवरच्या झोपडपट्ट्यांना आणि पाड्यांना, जिथे रात्री शौचासाठी बाहेर जावे लागते आणि घराशेजारीच कचऱ्याचा ढीग असतो. कचऱ्यावर भटकी कुत्री आणि डुकरे पोसली जातात, आणि त्यांच्या मागावर बिबट्या येतो. चितळाबरोबर कुत्रा हेही मुंबईच्या बिबट्याचे नेहमीचे खाद्य आहे. वाकलेला किंवा उकिडवा बसलेला माणूस, लहान मूल हे त्याला सावजाएवढे दिसते. त्यामुळे कचरा वेळेवर उचलणे आणि पाड्यावर दिवा व संडास असणे, हे प्रवेशद्वारावरच्या कुठल्याही सूचनाफलकापेक्षा जास्त जीव वाचवते. तो खर्च महापालिकेच्या खात्यातला असल्याने वन्यजीवांच्या चर्चेत तो सहसा येत नाही, एवढेच.

२००२ ते २००४ हा सर्वांत वाईट काळ होता. २००४ मध्ये तर बळींची मालिकाच लागली. इतर ठिकाणी पकडलेले बिबटे या जंगलात आणून सोडले जात, हे त्यामागचे एक प्रमुख कारण मानले जाते. परक्या मुलखात सोडलेला बिबट्या बावचळतो, घराकडे परतू पाहतो. पकडलेल्याची रिकामी झालेली हद्दही मोकळी राहत नाही, दुसरा एखादा बिबट्या तिथे येतो. जुन्नर परिसरात या विषयावर काम केलेल्या विद्या अत्रेय यांच्या संशोधनाने पकडून इतरत्र सोडण्याच्या पद्धतीवर मोठे प्रश्नचिन्ह लावले. २०११ मध्ये सुनील लिमये उद्यानाचे प्रमुख असताना ‘मुंबईकर्स फॉर एसजीएनपी’ (एसजीएनपी म्हणजे हेच उद्यान) हा उपक्रम सुरू झाला आणि संशोधक, विद्यार्थी, पोलीस व पत्रकार एकत्र आले. बिबट्या नुसता दिसला म्हणून पिंजरा लावायचा नाही, ही भूमिका त्यातून रुजत गेली. बिबट्या इमारतीत शिरला की पोलिसांनी पहिल्यांदा आवरायची असते ती बघ्यांची गर्दी. चहूबाजूंनी कोंडलेले जनावरच अंगावर येते.

हे सगळे कायमचे सुटलेले नाही. २०२१ मध्ये उद्यानाला लागून असलेल्या आरे वसाहतीत लागोपाठ हल्ले झाले. २०२२ च्या दिवाळीत तिथेच एका चिमुरडीचा बळी गेला. अशा वेळी पिंजरे लागतातच. प्रश्न उरतो तो हल्ला करणारा नेमका कोणता, हे ओळखण्याचा. प्रत्येक बिबट्याच्या अंगावरचे ठिपके वेगळे असतात, म्हणून ट्रॅप कॅमेऱ्याची छायाचित्रे पडताळली जातात. २०२१ पासून काही बिबट्यांना रेडिओ कॉलरही, म्हणजे त्यांचा ठावठिकाणा कळवणारे गळपट्टे, लावण्यात आल्या. त्यांतली पहिली मादी सावित्री.

सहअस्तित्व हा शब्द येण्याच्या कितीतरी आधीपासून उद्यानातले व आरेतले वारली वाघोबाला पूजत आले आहेत. त्यांच्या बोलण्यात बिबट्याही ‘वाघ’च असतो.