गायिंतची लढाई

इथिओपियातील झाग्वे राजघराण्याची सत्ता संपवणारी लढाई. काही लेखनात हिचा उल्लेख अन्साताची लढाई असाही येतो. काळ साधारणपणे इ. स. १२७० मानतात. लास्ता प्रदेशातील झाग्वे राजाविरुद्ध अम्हारा प्रदेशाचा सरदार येकुनो अम्लाक उठला आणि लढत लढत गायिंतपर्यंत (ताना सरोवराच्या पूर्वेस) पोहोचला. पराभूत राजाने तेथील संत किर्कोसच्या चर्चमध्ये आसरा घेतला व तेथेच तो मारला गेला, अशी परंपरा आहे.

मारला गेलेला राजा कोण, हा जुना वाद आहे. इतिवृत्तांत तो ‘झा-इल्माक्नुन’ या नावाने येतो; शब्दाचा अर्थ ‘अज्ञात’ किंवा ‘गुप्त’ असा लावतात. एवढ्या मोठ्या राजाचे नाव ‘अज्ञात’ असावे, हे विचित्रच. इतिहासकार तादेसे ताम्रात यांच्या मते हा झाग्वे राजा लालिबेला याचा मुलगा यितबारेक असून, विजेत्यांनी त्याचे नाव मुद्दाम पुसले. दुसऱ्या परंपरेत नाकुएतो लाअब या झाग्वे राजाने संत तेक्ले हायमानोत यांच्या सांगण्यावरून राज्य सोडल्याचे येते, म्हणजे लढाईची गरजच उरत नाही. ही कथा उत्तरकालीन व तेक्ले हायमानोत यांच्या मठाच्या हिताची दिसते. यितबारेकचा पक्ष अधिक संभाव्य वाटतो.

सत्तांतराचे श्रेयही दोन मठांत वाटले गेले आहे. डेब्रे लिबानोस मठाचे अनुयायी ते तेक्ले हायमानोत यांना देतात, तर हायक सरोवरातील मठाची परंपरा तेथील मठाधिपती इयेसुस मोआ यांना. येकुनो अम्लाकचे हायकशी संबंध होते, त्यामुळे दुसऱ्या परंपरेला थोडे अधिक वजन द्यावे लागते.

नव्या घराण्याने आपला वंश बायबलमधील राजा सॉलोमन व शेबाच्या राणीपर्यंत नेला. त्यासाठी झाग्वेंना सत्ता बळकावणारे ठरवणे सोयीचे होते. मात्र या दाव्याची प्रमुख मांडणी असलेला ‘केब्रा नगस्त’ हा ग्रंथ आजच्या रूपात चौदाव्या शतकाच्या आरंभीचा, म्हणजे लढाईनंतरचा आहे. झाग्वेंनी १३३ वर्षे राज्य केले की ३३३, हेही याद्यांनुसार बदलते. लहान आकडा सामान्यतः ग्राह्य धरतात.

येकुनो अम्लाकने १२८५ पर्यंत राज्य केले. लालिबेला गावाजवळच्या, खडकात कोरलेल्या गेनेता मर्याम चर्चमध्ये त्याचे चित्र आहे. पाडलेल्या घराण्याच्या प्रदेशात, त्याच घराण्याच्या वास्तुरीतीत. १२७४ च्या सुमारास त्याने बिशप पाठवावा म्हणून इजिप्तचा सुलतान बैबर्स याला पत्र लिहिले; इथिओपियाचे बिशप इजिप्तच्या चर्चकडून येत. झाग्वेंचे वंशज मात्र वाग-लास्ता भागात ‘वागशुम’ (वागचे शासक) म्हणून टिकून राहिले.