पीडीएफमध्ये ‘किल्ला’ सापडत नाही तेव्हा

एखाद्या मराठी पीडीएफमधला ‘किल्ला’ हा शब्द कॉपी करून दुसरीकडे चिकटवून बघा. बऱ्याचदा ‘िकल्ला’ असं काहीतरी उमटतं. वेलांटी पुढे पळालेली, क मागे राहिलेला. फाइल जुन्या, युनिकोडपूर्व (प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच ठरलेला क्रमांक देणारी युनिकोड पद्धत रुळण्याआधीच्या) फॉन्टात केलेली असेल तर इंग्रजी अक्षरं आणि कंसांचा नुसता पाचोळा हाती येतो. पडद्यावर मात्र पान अगदी देखणं दिसत असतं.

याचं कारण पीडीएफच्या जन्मातच आहे. १९९३ साली अडोबीने हा प्रकार बाजारात आणला तो एका हेतूने: पान कुठल्याही संगणकावर आणि प्रिंटरवर हुबेहूब तसंच दिसावं. म्हणून आत शब्दांपेक्षा चित्र काढायच्या सूचना असतात. डावीकडून इतके पॉइंट, खालून इतके पॉइंट, तिथे अमुक फॉन्टमधली ४१२ क्रमांकाची आकृती काढ. (पॉइंट म्हणजे इंचाचा बहात्तरावा भाग. ए-फोर पान साधारण ५९५ बाय ८४२ पॉइंटांचं.)

युनिकोडमध्ये ‘किल्ला’ उच्चाराच्या क्रमाने साठवला जातो: क, पहिली वेलांटी, ल, हलन्त, ल, काना. सहा संकेत. कागदावर मात्र वेलांटी क च्या आधी बसते आणि दोन ल मिळून बहुधा एकच जोडाक्षर होतं. पीडीएफ तयार होताना ही जुळवाजुळव उरकलेली असते. उरतात चार आकृत्या. त्यांवरून उलट मूळ अक्षरांकडे यायला फाइलीत एक कोष्टक लागतं. इंग्रजीत बहुतेक वेळा एक अक्षर, एक आकृती, त्यामुळे निभावतं. आपल्याकडे वेलांट्या, रफार आणि जोडाक्षरांपाशी ते कोष्टक हात टेकतं.

छापखान्यातला निम्मा गोंधळ इथूनच सुरू होतो. आमच्या वाचनालयाच्या स्मरणिकेची फाइल मी मोठ्या ऐटीत पेनड्राइव्हवर घेऊन गेलो. ऑपरेटरने ती उघडली आणि मथळ्यांच्या जागी भलत्याच खुणा! ४१२ क्रमांकाची आकृती काढ, असा हुकूम फाइलीत होता, पण ती आकृती ज्या फॉन्टात होती तो फॉन्ट फाइलीत नव्हता. माझ्या लॅपटॉपवर होता, म्हणून घरी सगळं आलबेल दिसलं. आता मी अॅक्रोबॅट रीडरमध्ये कंट्रोल आणि डी दाबून फॉन्टांची यादी बघितल्याशिवाय घर सोडत नाही. प्रत्येक नावापुढे ‘एम्बेडेड’ किंवा ‘एम्बेडेड सबसेट’ हवं, म्हणजे फॉन्ट अख्खा किंवा वापरलेल्या अक्षरांपुरता फाइलीतच भरलेला. वर्डमधून पीडीएफ करताना पर्यायांत पीडीएफ-ए (फाइल दीर्घकाळ जपण्यासाठीचा पीडीएफचा प्रकार) निवडलं की फॉन्ट आत जातातच.

प्रेसवाल्यांचा तोडगा याहून सोपा: “कर्व्ह करून आणा.” कोरल या मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये अक्षरांच्या नुसत्या रेषा करून टाकायच्या, म्हणजे फॉन्टची गरजच उरत नाही. तोडगा रामबाण आहे, पण कर्व्ह झाल्यावर साधी ऱ्हस्व-दीर्घाची चूकही टाइप करून सुधारता येत नाही. म्हणून मूळ फाइल जपून ठेवायची आणि कर्व्ह करायची ती तिची प्रत.

दुसरी फसगत काळ्या रंगाची. पडद्यावरचा काळा म्हणजे उजेड नसणं. कागदावरचा काळा म्हणजे शाई. वर्डमधला काळा मजकूर चाररंगी छपाईसाठी रूपांतरित होताना पुष्कळदा निळसर, किरमिजी, पिवळी आणि काळी अशा चारही शायांत विभागला जातो. चार शायांच्या चार प्लेटा, म्हणजे छपाईचे पत्रे. त्यातली एक केसभर सरकली, प्रेसच्या भाषेत ‘रजिस्टर हललं’, की बारीक अक्षरांना रंगीत किनार दिसू लागते. अनुस्वाराचा टिंब तर सावलीसकट दोन होतो. मजकूर फक्त काळ्या प्लेटवर घ्या, असं आधीच बजावून सांगावं. पडद्यावरचा झगझगीत निळा कागदावर मंद उतरतो, त्याला मात्र इलाज नाही. शायांना तो उजेड जमत नाही.

फोटोंचं गणित तोंडी करता येतं. चांगल्या छपाईला इंचाला ३०० पिक्सेल धरतात. १६०० पिक्सेल रुंदीचा फोटो म्हणजे जेमतेम सव्वापाच इंच. ए-फोर पानभर फोटो हवा तर २४८० बाय ३५०८ पिक्सेल लागतात. व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून आलेला फोटो आक्रसलेला असतो. पाठवणाऱ्याला ‘डॉक्युमेंट म्हणून पाठवा’ सांगावं. पीडीएफ करताना ‘लहानात लहान फाइल’ हा पर्याय निवडला तर आणलेले पिक्सेल आपणच फेकून देतो.

रंग पानाच्या कडेपर्यंत न्यायचा असेल तर चारी बाजूंनी ३ मिलिमीटर जास्त सोडायचा, कारण कटिंग मशीन शेकडो कागदांचा गठ्ठा एकदम कापतं आणि कागद थोडे हलतातच. मधे पिना मारायच्या पुस्तिकेची पानं चारच्या पटीत ठेवा. पुस्तक असेल तर सहसा सोळा पानांचा फर्मा (एका मोठ्या कागदावर एकत्र छापून घडी घातलेला पानांचा गठ्ठा) धरतात. चार फर्मे चौसष्टला संपतात. ६५ वं पान लिहिण्याआधी प्रेसला विचारलेलं बरं.

स्मरणिका शेवटी छान निघाली. मग तीच फाइल मी वाचनालयाच्या साइटवरही चढवली. दुसऱ्या दिवशी सचिवांचा फोन: “अहो, मी त्यात माझंच नाव शोधतोय, तर शून्य सापडलं म्हणतंय.” चढवली होती ती कर्व्ह केलेली प्रत.