पंप लावला की इंजिनाचा आवाज का बसतो

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं आणि दापोलीच्या किनाऱ्याला माडा-पोफळींबरोबर लाइटचे पोलही आडवे झाले, मग कित्येक दिवस विहिरीचं पाणी टाकीत चढवायला भाड्याचा डिझेल जनरेटर हाच आधार. तेव्हा रोज एक गोष्ट बघायचो. इंजिन मोकळं असताना एका लयीत चालायचं, पंपाचं हिरवं बटण दाबलं की आवाज एकदम बसायचा, काळ्या धुराचा भपका यायचा आणि दोन-तीन सेकंदांत परत जोर धरायचं. पंप तर नुसत्या वायरीने जोडलेला, ना पट्टा ना पुली, मग इंजिनाला ओझं जाणवलं कसं?

याची सुरुवात १८३१ मधे आहे. मायकल फॅरेडेने लोहचुंबकाच्या टोकांमधे तांब्याची चकती फिरवली आणि तारेतून वीज वाहिली. पुढच्याच वर्षी पॅरिसमधे हिप्पोलित पिक्सीने हँडल मारून चुंबक फिरवायचं यंत्र केलं. वीज काय जनरेटरमधे भरून ठेवलेली नसते, फिरवणाऱ्याचे कष्टच तारेतून पुढे जातात. तारेत करंट वाहायला लागला की त्याचं स्वतःचं चुंबकत्व तयार होतं आणि ते फिरण्याला उलटा रेटा देतं, हा नियम १८३४ मधे लेन्झ या शास्त्रज्ञाने मांडला. ज्यांनी सायकलचा बाटलीसारखा डायनॅमो वापरलाय त्यांना हे पायांनी माहिती आहे, टायरला टेकवला आणि दिवा लागला की पॅडल जड.

मग फिरवायचं कोणी, हा खरा प्रश्न होता. आमच्याकडे अलिबाग-चौलपासून गुहागरपर्यंत वाड्यांत रहाट होते, बैल नाहीतर रेडा गोल फिरायचा, लाकडी दात्यांच्या चाकांमुळे आडवं फिरणं उभं व्हायचं आणि गाडगी पाणी घेऊन वर यायची. शिंपण्याला ते पुरेसं होतं, पण बैलजोडीची ताकद साधारण एक हॉर्सपॉवर आणि वेग अगदी संथ, आणि जनरेटरला तर वेग लागतो. चार पोलांच्या (म्हणजे चुंबकाच्या चार टोकांच्या) मशीनला आपल्या घरात येते तशी, सेकंदाला ५० आवर्तनांची वीज द्यायला मिनिटाला १५०० फेरे, कमीही नको आणि जास्तही नको. वाफेच्या इंजिनांना सुरुवातीला पट्टे लावून डायनॅमो फिरवायचे, १८८४ मधे चार्ल्स पार्सन्सने वाफेचं टर्बाइनच, म्हणजे वाफेच्या झोताने फिरणारं पात्यांचं चाक, सरळ डायनॅमोला जोडलं, ते मिनिटाला १८,००० फेरे घ्यायचं.

कोकणाला मात्र दैवाने दिलेली ताकद म्हणजे घाट. पाऊस वर पडतो आणि समुद्र खाली, मधे शेकडो मीटरचा उतार. लोणावळ्याच्या तलावांचं पाणी पाइपांतून सुमारे ५०० मीटर खाली खोपोलीला आणून टाटांनी १९१५ मधे वीज काढली, ती मुंबईच्या गिरण्यांना गेली. उंचावरून येणाऱ्या अशा पाण्यासाठी पेल्टनचं चाक असतं, कडेला जोडवाट्या आणि त्यांच्यावर नोझलमधून बसणारा पाण्याचा फटका. कॅलिफोर्नियातल्या सोन्याच्या खाणींच्या भागात लेस्टर पेल्टनने ते बनवलं आणि १८८० मधे पेटंट घेतलं. पुढे १९६२ मधे चिपळूण तालुक्यातलं पोफळीचं वीजघर सुरू झालं. कोयना नदी मूळची पूर्वेला कृष्णेकडे जाणारी, धरण बांधून तिचं पाणी डोंगर पोखरून पश्चिमेला फिरवलं, टर्बाइन फिरवून ते वाशिष्ठी नदीला मिळतं. आज कोयनेचे सगळे टप्पे धरून क्षमता १९६० मेगावॅट आहे, आणि हे सगळं पडणाऱ्या पाण्यावर, मला तरी याचं अजून अप्रूप वाटतं.

आता आवाज परत का चढायचा ते सांगतो. लोड आला की फेरे घसरतात, तेव्हा इंजिनाचा गव्हर्नर, म्हणजे वेग सांभाळणारा भाग, जास्त डिझेल सोडतो. जेम्स वॅटने १७८८ मधे वाफेच्या इंजिनाला फिरते गोळे लावले होते, वेग वाढला की गोळे बाहेर फाकणार आणि वाफ कमी होणार, वेग पडला की उलट. कितीतरी डिझेल इंजिनांत अजूनही तसेच वजनं आणि स्प्रिंग आहेत. पोफळीतही संध्याकाळी राज्यभर दिवे लागून लोड वाढला की नोझलमधली सुई मागे सरकते आणि धार जाड होते, फक्त तिथे एका पंपाचं ओझं लाइनवरच्या शेकडो मशीन्समधे वाटलं जातं म्हणून कोणाला कळत नाही. आमच्या विहिरीवर ते सगळं ओझं एकट्या इंजिनावर यायचं, म्हणून ऐकू यायचं.