शीतगृहातली विहीर

फेब्रुवारीतली दुपार. पिंपळगाव बसवंतजवळच्या एका द्राक्ष पॅकहाउसच्या दारात पिकअप लागली. ऑपरेटरने वरच्या कॅरेटमधला एक टपोरा मणी निवडला, त्यात थर्मामीटरची सुई खुपसली आणि आकडा बघून तोंड वाकडं केलं. 30 अंश. "भाऊ, द्राक्षं आणलीत का ऊन आणलंत?" बागायतदार ओशाळवाणं हसला. मजूर उशिरा आले, त्याला तरी तो काय करणार!

ऑपरेटरचा वैताग नुसता खडूसपणा नव्हता, त्यामागे हिशेब होता. पाच टन द्राक्षं 30 अंशांवरून 2 अंशांवर आणायची तर त्यातून जवळजवळ 144 युनिट (विजेच्या बिलातलंच युनिट) उष्णता बाहेर काढावी लागते. पॅकहाउसच्या एसीने थोडी काढली, प्रीकूलिंगच्या, म्हणजे साठवणीआधी माल झटपट गार करायच्या, खोलीने उरलेली काढली, तरी एकूण भार तेवढाच. तोच माल दव सुकल्यावर, पण ऊन तापायच्या आत, 18 अंशांना खुडला असता तर हा आकडा 82 वर आला असता. वीज कमी खाणारी यंत्रं घ्यायला लोक लाखो रुपये मोजतात, आणि इथे चाळीस टक्क्यांहून जास्त काम घड्याळानेच केलं असतं.

आता 144 युनिट उष्णता काढायला 144 युनिट वीज लागत नाही. अशा यंत्रणेला साधारण 55 ते 60 युनिट पुरतात. हे ऐकून पुष्कळांना यात काहीतरी चलाखी वाटते. पण फ्रिज थंडी 'तयार' करत नाही, तो आतली उष्णता उपसून बाहेर टाकतो. विहिरीवरचा पंप पाणी बनवत नाही, फक्त वर चढवतो, तसंच हे. आणि विहिरीचं गणित शेतकऱ्याला सांगावं लागत नाही: पाणी तेवढंच, पण विहीर जितकी खोल तितकं बिल जास्त. शीतगृहात विहिरीची ही खोली अंशांत मोजायची. आतल्या कॉइलचं, म्हणजे उष्णता ओढून घेणाऱ्या गार नळ्यांचं, तापमान म्हणजे विहिरीचा तळ. बाहेरच्या कंडेन्सरमध्ये, ही उष्णता वाहून आणणाऱ्या वायूचा पुन्हा द्रव होतो, ते तापमान म्हणजे काठ. सादी कार्नो या फ्रेंच इंजिनिअरने 1824 मध्ये वाफेच्या इंजिनांवर विचार करताना जी मर्यादा मांडली, तीच उलटी फिरवली की कळतं, तळ तोच राहिला तर लागणारी किमान वीज या खोलीच्या प्रमाणात वाढते. तळ उणे 5 आणि काठ 50 असेल तर खोली 55 अंश. काठ 38 वर आणला तर 43. म्हणजे किमान विजेत सुमारे 22 टक्क्यांची घट, तीही आतलं तापमान तसूभर न बदलता.

काठ खाली कसा आणायचा? आपल्या माठाची युक्ती वापरून. अमोनिया वायूवर चालणाऱ्या मोठ्या शीतगृहांत कंडेन्सरच्या नळ्यांवर पाणी शिंपडतात आणि वरून हवा खेळवतात. पाण्याची वाफ होताना ते उष्णता घेऊन जातं. नाशिकच्या कोरड्या उन्हाळ्यात ही युक्ती झकास चालते. मुंबईच्या दमट हवेत माठातलं पाणी जसं कोमटच राहतं, तसा तिथे हा फायदाही आटतो. फुकट मात्र काहीच नाही. आपल्या पाच टन द्राक्षांमागे साधारण 300 लिटर पाण्याची वाफ होते. टँकर मागवावा लागणाऱ्या गावात विजेचं बिल वाचवून पाण्याचं वाढवायचं का, हे ज्याचं त्याने ठरवावं. आणखी एक कटकट म्हणजे बोअरचं जड पाणी. पाणी तापवायच्या पातेल्याच्या तळाशी क्षारांचा पांढरा थर बसतो, तसाच तो नळ्यांवर बसतो. उष्णता बाहेर पडायला अडते, काठ हळूहळू वर चढतो आणि कोणाला पत्ताही लागत नाही. यंत्र चालू असतं, खोली थंड असते, फक्त बिल फुगत जातं.

तळाची गोष्ट मला काठाहून जास्त आवडते. द्राक्षं 0 ते 1 अंशावर ठेवायची असतील तर कॉइल त्याहून थंड हवी हे उघड आहे. पण किती? कॉइल लहान बसवून सुरुवातीचा खर्च वाचवला, तर तेवढीच उष्णता ओढायला ती आठ-दहा अंशांनी जास्त थंड ठेवावी लागते. मोठी कॉइल तेच काम चार-पाच अंशांच्या फरकात करते. तळ वर येतो, वीज वाचते. खरी गंमत पुढे आहे. फार थंड कॉइलवर खोलीतलं बाष्प बर्फ होऊन चिकटतं आणि हवा कोरडी पडते. द्राक्षांना हवी असते 90 ते 95 टक्के आर्द्रता. कोरड्या हवेत मणी ठणठणीत दिसतो, पण देठ तपकिरी पडतो, आणि परदेशातला खरेदीदार आधी देठ बघतो. इथे विजेची बचत आणि मालाचा भाव एकाच बाजूला उभे राहतात. असा योग व्यवहारात क्वचित येतो.

मग पंखे. प्रीकूलिंगच्या खोलीत पेट्यांच्या भोकांमधून गार हवा जोराने खेचतात. सहा-आठ तासांत माल गार होतो. पहिल्या दोन तासांत हा जोर लागतोच. पुढे मात्र उष्णता मण्याच्या गाभ्यातून सावकाश बाहेर येते, तिला कितीही वारा घातला तरी घाई होत नाही. तरीही पंखे पूर्ण वेगाने घोंघावत राहतात. पंख्याला लागणारी वीज वेगाच्या घनाप्रमाणे बदलते. वेग 80 टक्क्यांवर आणला की वीज जवळपास अर्ध्यावर येते. शिवाय थंड खोलीतल्या पंख्याने खाल्लेल्या प्रत्येक युनिटची शेवटी उष्णताच होते, आणि ती उपसायला कॉम्प्रेसरला पुन्हा वीज लागते. एका चुकीचं बिल दोनदा. मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह बसवायचा तो याचसाठी.

हीच विहीर कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातही असते. आइस्क्रीमचा डीप फ्रीझर भिंतीला चिकटवलेला, जाळीवर धूळ आणि मागच्या फटीत दुकानदाराने बिस्किटांची रिकामी खोकी कोंबलेली. बाहेर पडणारी गरम हवा तिथेच घुटमळते आणि तोच फ्रीझर ती पुन्हा आत ओढतो. तळ आधीच उणे 20 वर, त्यात काठ असा चढवलेला. डीप फ्रीझरसाठी ऊर्जा दक्षता ब्युरोची स्टार योजना 2020 मध्ये ऐच्छिक स्वरूपात सुरू झाली, तेव्हा नवा घेताना तारे जरूर मोजा. पण पाच ताऱ्यांच्या फ्रीझरमागेही खोकी कोंबली, तर त्यातले दोन-तीन तारे दिवसाढवळ्या मावळतात, असं आपलं माझं मत.

दुपारच्या त्या पिकअपचं पुढे काय झालं, तर माल घेतला, कारण परत पाठवून चालणार नव्हतं. संध्याकाळी सातला पेट्या भरून झाल्या आणि खोलीचं दार लागलं. ऑपरेटरने वहीत वेळ लिहिली. शेजारच्या खोलीत सकाळी लवकर आलेल्या एका बागेचा माल होता. त्याच्या नोंदीसमोर लिहिलं होतं: 2 अंश, पंखे बंद.