किटी विल्किन्सन काचचित्र, लिव्हरपूल

इंग्लंडमधील लिव्हरपूल कॅथीड्रलच्या लेडी चॅपेलमध्ये (येशूची आई मेरी हिला वाहिलेले उपासनागृह), जिन्यालगतच्या खिडक्यांवर थोर स्त्रियांची काचचित्रे आहेत. राणी व्हिक्टोरिया, तुरुंगसुधारक एलिझाबेथ फ्राय, कवयित्री क्रिस्टिना रोझेटी अशा नामवंतांच्या ओळीत एक बाई चक्क धुणे धुणारी आहे. तिचे नाव किटी विल्किन्सन (१७८६–१८६०).

किटीचा जन्म आयर्लंडमधल्या डेरीचा. लहानपणीच ती लिव्हरपूलला आली. पुढे तिने सूतगिरणीत काम केले, लोकांची धुणीभांडी केली. १८३२ मध्ये शहरात कॉलरा पसरला, तेव्हा तिच्या गल्लीत पाणी तापवायचा बंब फक्त तिच्याकडे होता. रोग्यांचे कपडे आणि अंथरुणे तिने आपल्या घरी धुवायला खुली वाट दिली. मोबदला नाममात्र, आठवड्याला एक पेनी. कपडे उकळायचे आणि ब्लीचिंग पावडर वापरायची, एवढीच तिची रीत. कॉलऱ्याचा जंतू पाण्यातून पसरतो हे तेव्हा डॉक्टरांनाही ठाऊक नव्हते. पण उकळत्या पाण्याने तो मरतच होता. विल्यम रॅथबोन यांच्यासारख्या धनिकांनी तिला पाठबळ दिले. १८४२ मध्ये अप्पर फ्रेडरिक स्ट्रीटवर नगरपालिकेचे सार्वजनिक धुणीघर व स्नानगृह उघडले, ब्रिटनमधले अशा प्रकारचे पहिले. १८४६ मध्ये किटी आणि तिचा नवरा टॉम तिथले व्यवस्थापक झाले. त्याच वर्षी राणीकडून तिला चांदीची चहाची किटली मिळाली.

लेडी चॅपेलचे १९१० मध्ये अभिषेकपूर्वक उद्घाटन झाले. दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बहल्ल्यात तिथल्या काचा फुटल्या. आजच्या काचा नंतर नव्याने घडवलेल्या आहेत. मालिकेत प्रत्येक स्त्रीसोबत तिच्या वाटेने गेलेल्या इतरांचीही आठवण ठेवली आहे. किटीच्या चित्रासोबतच्या ओळीचा आशय असा : 'किटी विल्किन्सन आणि गरिबांना हात देणारे सारे गरीब'. एरवी चर्चच्या काचांवर दात्यांची नावे झळकतात, म्हणून हा शब्दप्रयोग डोळ्यांत भरतो. याच मालिकेतल्या डॉ. ॲलिस मार्व्हल यांचा भारताशी थेट संबंध आहे : कानपूरमध्ये प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना १९०४ मध्ये त्यांचा प्लेगनेच मृत्यू झाला.

२०१२ मध्ये शहरातल्या सेंट जॉर्जेस हॉलमध्ये किटीचा संगमरवरी पुतळा बसवला गेला. तोवर त्या दालनात सगळे पुतळे पुरुषांचे होते. तिची कबर मात्र कॅथीड्रलच्या पायथ्याशीच, जुन्या दगडखाणीत वसवलेल्या सेंट जेम्स दफनभूमीत आहे.